वडिलांचे आत्मकथन कोणी वाचावे: स्वतः वडिलांनी की अभिवाचकाने?

वैदेही

नमस्कार. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, 212 पानांचे आत्मकथन चार वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले. ते आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीत वाढले, पुढे 34 वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आता वयाच्या 76 व्या वर्षी पुण्यात आमच्याकडे राहतात. या पुस्तकाचे ऑडिओबुक करण्याची तयारी एका निर्मात्याने दाखवली आहे आणि वाचन कोणी करायचे हे ठरवण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपवले आहे. त्यासाठी एकाच प्रकरणाचे, प्रत्येकी दहा मिनिटांचे, दोन नमुने त्यांनी पाठवले: एक व्यावसायिक अभिवाचकाचा आणि दुसरा अण्णांचा.

प्रकरण 1972 च्या दुष्काळाचे आहे. शिक्षकाच्या नोकरीच्या हुकमाची वाट पाहत असताना अण्णा दुष्काळी कामावर मस्टर लिहीत होते आणि त्यांची आई त्याच कामावर खडी फोडत होती. अभिवाचकांचा आवाज भरदार आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि दहा मिनिटांत ते एकदाही अडखळलेले नाहीत. मात्र त्या काळी रेशनवर मिळणाऱ्या ‘मिलो’ या तांबड्या ज्वारीचा उल्लेख आला, तेव्हा त्यांनी तो शब्द हिंदीत ‘भेटा’ म्हणताना उच्चारतात तसा उच्चारला. दुसरी गोष्ट याहून गंभीर वाटली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अण्णा पुस्तकात आपल्या आईला ‘म्हातारी’ म्हणतात. अभिवाचकांनी तो शब्द अक्षरशः घेतला आणि तिची सगळी वाक्ये थरथरत्या, कापऱ्या आवाजात म्हटली. माझी आजी त्या वेळी पंचेचाळिशीची होती आणि दिवसभर घण उचलत होती.

अण्णांच्या नमुन्यात यातली एकही चूक नाही. पण ते मुलांना शुद्धलेखन घालावे तसे तीन-तीन शब्दांवर थांबत वाचतात, वाक्याच्या अखेरीस त्यांचा श्वास कमी पडून क्रियापद विरून जाते आणि पान उलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तरीही आजीच्या तोंडचे ‘रडून प्वाट भरतंय व्हय? घमेलं उचल.’ हे वाक्य त्यांनी इतक्या कोरडेपणाने आणि घाईने म्हटले, की मी हेडफोन काढून ठेवला.

आपल्यापैकी अनेक जण नियमाने ऑडिओबुके ऐकतात आणि काही जण हे काम करतात, म्हणून विचारते. चांगला अभिवाचक नेमका कशावरून ओळखावा? आणि पुस्तक स्वतः लिहिले आहे, एवढ्या कारणासाठी लेखकाला ते वाचण्याचा अधिकार द्यावा का?

तिसरा टेक

वैदेहीताई, मी बारा वर्षांपासून हे काम करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

चांगल्या आवाजाला आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. भरदार आवाज पहिली पाच मिनिटे मोहात पाडतो, पण ऐकणाऱ्याला आठ तास त्याच्याबरोबर काढायचे असतात आणि इतका वेळ केवळ घुमणाऱ्या आवाजाची सोबत जड होते. माझ्या मते अभिवाचकाची खरी परीक्षा एकच आहे: वाक्य सुरू करताना ते कुठे जाऊन थांबणार आहे, हे त्याला ठाऊक आहे की नाही. मराठीत ही परीक्षा विशेष कडक होते, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही नंतर येतो. ‘त्या दिवशी अण्णांनी घरी येऊन कोणाला काही सांगितले, असे मला आठवत नाही’ हे वाक्य घ्या. शेवटच्या ‘नाही’वर ज्याची नजर आधीच पोहोचलेली नाही, तो ‘सांगितले’पर्यंत एक ठाम बातमी देतो आणि मग ती अवघडून मागे घेतो. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकले हे सांगता येत नाही, पण अशी पन्नास वाक्ये झाली की तो ऑडिओबुक बंद करतो आणि विषय कंटाळवाणा होता असे समजतो.

दुसरा प्रश्न मराठीचा खास आहे आणि त्यावर प्रत्येक स्टुडिओत वाद होतो. पुस्तकात ‘त्याने दार उघडले’ असे छापलेले असते, पण बोलताना आपण सगळे ‘त्यानं दार उघडलं’ असेच म्हणतो. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘म्हटलं’ ही रूपे चालवून घेतली आहेत आणि एरवी ‘असे’, ‘म्हटले’ लिहावे असे सांगितले आहे. हा नियम कागदासाठी आहे. माईकसमोर काय करायचे, हे अभिवाचकाला ठरवावे लागते. सगळीकडे ‘उघडले, पाहिले, गेले’ म्हटले तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखे होते. सरसकट ‘उघडलं, पाहिलं’ केले तर लेखकाने जाणूनबुजून राखलेले अंतर नाहीसे होते, आणि संथ, भारदस्त गद्य असेल तर ते घरगुती होऊन बसते. आत्मकथनात मी सहसा बोलण्याच्या रूपाकडे झुकतो आणि वैचारिक लेखनात छापील रूप ठेवतो. पण एकदा निवडलेली रीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांभाळावीच लागते. अकराव्या दिवशी थकवा आला की जीभ आपोआप दुसरीकडे वळते. अण्णांच्या नमुन्यात ते काय म्हणतात, हे मुद्दाम ऐकून पाहावे. लेखक स्वतः वाचताना हा निर्णय नकळत घेतो आणि बहुधा बरोबर घेतो.

उच्चारांबद्दल थोडेसेच लिहितो. ‘चार’ या आकड्यातला च आणि ‘चारा’ यातला च वेगळे आहेत. ‘हे जग’ यातला ज आणि ‘शंभर वर्षे जग’ यातला ज वेगळे आहेत. लिपीत हा फरक दिसत नाही, त्यामुळे मराठी केवळ शाळेत वाचलेला, पण घरात न बोललेला माणूस इथे हमखास पकडला जातो. ‘मिलो’ची चूक मात्र उच्चाराची नाही, पूर्वतयारीची आहे. पुस्तक आधी संपूर्ण वाचायचे, अनोळखी शब्द, गावांची नावे आणि आडनावे यांची यादी करायची आणि ती लेखकाकडून तोंडी वदवून घ्यायची, ही या कामाची पहिली पायरी आहे. लेखक हयात असूनही ज्याने फोन केला नाही, त्याने काम उरकले आहे.

पात्रांच्या आवाजांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. पुरुष अभिवाचकाने स्त्रीपात्रासाठी आवाज बारीक करू नये आणि स्त्री अभिवाचकाने पाटलासाठी घसा खरवडू नये. कोण बोलत आहे हे वेगातून, वाक्य कुठे तोडले यातून आणि शब्दांच्या वजनातून कळते. तुमच्या आजींचे वाक्य कोरडे आणि घाईचे हवे, हे अण्णांना कोणी शिकवले नाही. त्यांनी ते ऐकले होते. परका अभिवाचक मजकुरातून तिथपर्यंत पोहोचू शकतो, कारण घमेले उचलायला सांगणारी बाई थरथरत बोलणार नाही हे त्याच वाक्यात लिहिलेले आहे. त्यांनी ‘म्हातारी’ हा शब्द वाचला आणि वाक्य वाचायचे राहून गेले.

आता व्यवहार. 212 पाने म्हणजे साधारण 55,000 शब्द धरले आणि मिनिटाला 110 शब्दांचा संथ वेग ठेवला, तर तयार ऑडिओबुक आठ तासांच्या थोडे पुढे जाईल. सरावलेल्या माणसालाही तयार एका तासासाठी किमान दोन तास माईकसमोर बसावे लागते. 76 व्या वर्षी एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये, म्हणजे अण्णांना पंचवीस ते तीस बैठका लागतील. ही तयारी आहे का, हे आधी ठरवावे. पान उलटण्याचा आवाज ही अडचण नाही. टॅबलेटवर मोठ्या अक्षरांत मजकूर दिला की ती संपते. श्वासाचेही बरेच निभावून नेता येते, कारण चुकलेल्या जागेच्या थोडे मागे जाऊन तिथूनच पुढे ध्वनिमुद्रण चालू करता येते. खळ घातलेला सदरा मात्र घालू देऊ नका, तो प्रत्येक हालचालीला कुरकुरतो. चांगल्या माईकला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते.

तीन शब्दांवर थांबण्याची सवय ही खरी अडचण आहे. ती शिक्षकीची सवय आहे आणि वाचताना जात नाही. सांगताना जाते. त्यांना एखादे पान वाचून मग पुस्तक मिटायला लावा आणि तोच प्रसंग तुम्हाला सांगायला सांगा. नंतर लगेच तेच पान पुन्हा वाचून घ्या. फरक पडला तर लेखकानेच वाचावे. पडला नाही तर आग्रह धरू नये. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर आहेच.

निनाद

मी जन्मांध आहे आणि गेली तीस वर्षे पुस्तके कानांनीच वाचत आलो आहे. स्वयंसेवकांनी कॅसेटवर वाचून दिलेली पाठ्यपुस्तके, मग डेझी पद्धतीची, म्हणजे अंधांसाठी केलेली डिजिटल श्राव्य पुस्तके, आता ऑडिओबुके आणि उरलेल्या सगळ्या मजकुरासाठी फोनमधला यांत्रिक आवाज, असा तो प्रवास आहे. त्यामुळे वरच्या प्रतिसादात न आलेली एक बाजू मांडतो.

डोळस श्रोत्यासाठी ऑडिओबुक हा पुस्तकाला असलेला एक पर्याय असतो. माझ्यासाठी तेच पुस्तक असते. म्हणून अभिवाचकाने माझ्या आणि मजकुराच्या मध्ये कमीत कमी जागा घ्यावी, असे मला वाटते. पात्र रडते आहे असे लेखकाने लिहिले असेल तर ते मला कळले आहे, अभिवाचकाने पुन्हा रडून दाखवण्याची गरज नाही. मी बहुतेक पुस्तके दीडपट वेगाने ऐकतो आणि माहितीपर पुस्तके दुप्पट वेगाने. या वेगाला नाटकी वाचन विदूषकासारखे होते, साधे वाचन तग धरते. ज्या स्वयंसेविका बाईंच्या आवाजात मी महाविद्यालयाचा सगळा इतिहास ऐकला, त्यांचा आवाज अत्यंत सामान्य होता आणि त्यांना थोडी सर्दी कायमची असावी. पण त्या मुखपृष्ठापासून सुरुवात करीत, अर्पणपत्रिका वाचीत, तळटीप आली की ‘तळटीप’ म्हणून ती वाचून ‘तळटीप समाप्त’ असे सांगत आणि नकाशा असेल तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत समजावीत. त्यांनी माझ्यासाठी पुस्तकातले काही गाळले नाही, हा विश्वास मला आवाजाच्या गोडव्यापेक्षा मोलाचा वाटतो. आजची अनेक ऑडिओबुके अर्पणपत्रिका आणि परिशिष्टे सरळ सोडून देतात आणि त्या जागी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला बासरी वाजवतात.

अण्णांच्या वाचनाबद्दल: अडखळण्याची सवय कानाला होते, दम लागल्याचीही होते. विरून जाणाऱ्या क्रियापदाची मात्र होत नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे वाक्याचा सगळा निर्णय तिथेच असतो आणि मला डोळे वर करून ओळ पुन्हा पाहता येत नाही. तेवढे सांभाळता आले, तर मी भरदार आवाजापेक्षा अण्णांचा आवाज निवडेन.

जुना श्रोता

चर्चा चांगली चालली आहे, पण लेखकाने वाचावे की नाही या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो विसरून हा प्रश्न जणू मोबाइलबरोबर आला, असे बोलले जात आहे.

माझ्या तरुणपणी कथाकथनाचा कार्यक्रम म्हणजे गणेशोत्सवातली आणि व्याख्यानमालेतली मोठी मिरवण्याची गोष्ट असे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी जाऊन आपापल्या कथा सांगितल्या आणि छापील पुस्तक कधी विकत न घेतलेल्या माणसापर्यंत मराठी कथा पोहोचवली. कवितेच्या बाजूने विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे एकत्र काव्यवाचन करीत. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती तर इतक्या घरांत वाजल्या, की त्यांचे व्यक्तिचित्र डोळ्यांनी वाचतानाही अनेकांना त्यांचाच आवाज ऐकू येतो. आजचे मराठी ऑडिओबुक या परंपरेच्या खांद्यावर उभे आहे आणि तिचे ओझेही वाहते आहे.

ओझे अशासाठी म्हणतो, की त्या ध्वनिफिती म्हणजे सभागृहातले प्रयोग आहेत. त्यांत श्रोत्यांचे हसणे आहे, हशा ओसरेपर्यंत थांबणे आहे आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारी फेक आहे. त्यावर वाढलेला अभिवाचक एकट्या माणसाच्या कानात बोलतानाही सभागृहासाठी बोलतो. विनोदी वाक्यानंतर तो थांबतो आणि स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्या बाईला हसण्याची आज्ञा झाल्यासारखे वाटते. हेडफोनमधला श्रोता वीतभर अंतरावर असतो. त्याच्याशी त्या अंतराला शोभेल असेच बोलावे. मला अनेक लोकप्रिय ऑडिओबुके ऐकवत नाहीत, त्याचे कारण एवढेच आहे.

दुसरी गोष्ट अशी, की कथाकथन करणारा लेखक आपले पुस्तक वाचत नव्हता, तो आपली कथा सांगत होता. छापील मजकूर त्यात वाढे, गळे, त्या गावचा संदर्भ घेई. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. चार्ल्स डिकन्स यांनी 1858 पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत, म्हणजे 1870 पर्यंत, तिकीट लावून आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन केले आणि त्यासाठी वेगळ्या प्रती तयार केल्या. त्यांत त्यांनी पानेच्या पाने कापली होती आणि समासात स्वतःसाठी हावभावांच्या सूचना लिहिल्या होत्या. म्हणजे आपले लेखन मोठ्याने वाचायचे तर ते जसेच्या तसे चालत नाही, हे लेखकालाच सर्वांत आधी कळते. ऑडिओबुकमध्ये मात्र ती मोकळीक नसते. शब्दाला शब्द जुळावा लागतो आणि त्या चौकटीत रंगमंचावर रमणारा लेखक कोंडला जातो.

याउलट काही लेखकांनी सभागृहाची पायरी चढणे नाकारले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले आणि सभा-समारंभांपासून आयुष्यभर दूर राहिले. त्यांची कथा एकांतात एका माणसाने वाचण्यासाठी लिहिलेली आहे आणि ती वाचायला अभिवाचकच हवा, तोही स्वतःला विसरणारा. याशिवाय ‘मृत्युंजय’सारखी रचना आहे, जिथे कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. तिथे एकाच आवाजाने सगळे पेलावे की सहा आवाज घ्यावेत, हा निर्णय लेखक हाताशी असता तरी सुटला नसता. मला स्वतःला एकच आवाज आवडतो, कारण ती सगळी माणसे शेवटी एकाच लेखणीच्या भाषेत बोलतात आणि सहा नट घेतले की ही गोष्ट लपण्याऐवजी अधिक उघडी पडते. पण ते असो.

म्हणून वैदेहीबाई, माझा सल्ला थोडा वेगळा आहे. प्रस्तावना आणि आईवरची प्रकरणे अण्णांनी वाचावीत, बाकीचे पुस्तक अभिवाचकाने वाचावे. असे दोन आवाज मिसळू नयेत असे म्हणणारे भेटतील. ऐकणारा इतका नाजूक नसतो.

तिसरा टेक

जुना श्रोता यांच्या सभागृहाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, शेवटच्या सल्ल्याशी नाही. आत्मकथनात ‘मी’ एकच असतो. पहिल्या प्रकरणातला ‘मी’ एका आवाजाचा आणि चौथ्या प्रकरणातला दुसऱ्या आवाजाचा झाला, की ऐकणारा काही वेळ गोष्ट सोडून आवाजांची तुलना करीत बसतो आणि त्या तुलनेत अण्णांची प्रकरणे जिंकली तर उरलेले पुस्तक उपऱ्याने वाचल्यासारखे वाटू लागते. दोन आवाज घ्यायचेच असतील तर अण्णांचा आवाज पुस्तकाबाहेर ठेवावा: सुरुवातीला मनोगत किंवा शेवटी एखादी आठवण. त्यातून श्रोत्याला माणूस भेटतो आणि पुस्तकाची वीण सुटत नाही.

निनाद यांनी तळटीप आणि अर्पणपत्रिकेबद्दल लिहिले ते वाचून मला थोडी लाज वाटली. आमच्याकडे अर्पणपत्रिका सहसा गाळतात आणि मी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि मला या चर्चेत एकच भर घालायची आहे. माझ्या दोन्ही मुली मराठी वाचू शकत नाहीत, पण गाडीत त्या मराठी ऑडिओबुके ऐकतात. त्यांच्या कानावर घराबाहेरचे जे मराठी पडते ते एवढेच. त्यामुळे अभिवाचक सगळी माणसे एकाच पुणेरी वळणाने बोलवतो, तेव्हा मराठी तशीच असते अशी त्यांची समजूत होते. माझी आई भुसावळची आहे. ती फोनवर बोलू लागली की धाकटी विचारते, आजी चुकीचे का बोलते? अण्णांच्या आवाजातले ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ त्यांनी आठ तास ऐकले तर हा प्रश्न त्या पुन्हा विचारणार नाहीत, अशी मला आशा आहे. बोली न येणाऱ्या अभिवाचकाने तिची नक्कल केली तर मात्र उलटेच होईल, कारण नक्कल करणारा बोलीला नकळत विनोदी करतो. ज्याला ती येत नाही त्याने तसे शब्द आपल्या सुरात, गंभीरपणे वाचावेत, ते कमी बोचते.

वैदेही

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा टेक यांनी सुचवलेला प्रयोग काल संध्याकाळी केला, त्याची हकीकत सांगते.

अण्णांनी दुष्काळाच्या प्रकरणाचे तिसरे पान वाचले, तीन-तीन शब्दांवर थांबत. मग मी पुस्तक मिटले आणि तोच प्रसंग मला सांगा म्हटले. त्यांनी तो बारा मिनिटे सांगितला आणि त्यातले अर्धेअधिक पुस्तकात नव्हते. मस्टरवर आईचे नाव लिहिताना त्यांनी पहिल्या दिवशी ते चुकून शेवटी लिहिले होते आणि सगळ्यांचा पगार वाटून होईपर्यंत ती रांगेत शेवटी उभी राहिली, काही बोलली नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. हे पुस्तकात का नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘लिहिताना बरं दिसलं नसतं.’ त्यानंतर त्यांनी तेच पान पुन्हा वाचले तेव्हा थांबे जवळजवळ नाहीसे झाले होते आणि क्रियापदेही शेवटपर्यंत टिकली. छापलेले ‘सांगितले’ ते सगळीकडे ‘सांगितलं’ असे वाचतात, हेही लक्षात आले. त्यांना ते स्वतःला ठाऊक नव्हते. मी दाखवल्यावर त्यांनी लगेच पुस्तकाप्रमाणे ‘सांगितले’ म्हणायला सुरुवात केली आणि थांबे परत आले, म्हणून आता तो विषय मी पुन्हा काढणार नाही.

अभिवाचकांचा नमुनाही त्यांना ऐकवला. ते शांतपणे ऐकत होते. ‘मिलो’ आल्यावर हसले, आईच्या आवाजाला हसले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले की आवाज चांगला आहे, या गृहस्थांनी एकदा फोन केला असता तर बरे झाले असते.

तूर्त असे ठरले आहे की पूर्ण पुस्तक अण्णाच वाचतील, दर बैठकीआधी ते पान मला तोंडी सांगतील आणि मग वाचतील. हे दुप्पट वेळाचे काम आहे. निर्मात्याने त्याला मान्यता दिली आहे, मात्र मस्टरचा प्रसंग छापील पुस्तकात नसल्यामुळे तो घेता येणार नाही असे सांगितले आहे. तो शेवटी आठवण म्हणून जोडता येईल का, हे मी विचारले आहे, पण अण्णांनीच अजून होकार दिलेला नाही. अर्पणपत्रिका मात्र वाचली जाणार आहे, निनाद. ती पाच शब्दांची आहे आणि ती आजीला आहे.

उद्या सकाळी नऊ वाजता पंखा बंद करून पहिल्या बैठकीला बसणार आहोत. शेजारच्या काकूंना कुकर किती वाजता लावता ते विचारून ठेवले आहे आणि अण्णांचा खळीचा सदरा मी धुवायला टाकला आहे.